जुन्या प्रोग्रामिंग भाषा खरंच बडबड्या होत्या का? (कोबोल, फोरट्रान, एपीएल आणि मंडळी)

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सध्या पायथॉन सोडून कोबोलच्या जुन्या कोडमध्ये हात घालावा लागतोय आणि डोकं भंजाळलंय. दोन आकड्यांची बेरीज करायची तर अख्खं वाक्य, ॲड व्याज टू मुद्दल गिव्हिंग एकूण. (कोडही देवनागरीतच टाकतोय, कळफलक बदलत बसायचा कंटाळा, सांभाळून घ्या.) त्याआधी आयडेंटिफिकेशन, एन्व्हायर्नमेंट, डेटा, प्रोसिजर अशा चार डिव्हिजन, म्हणजे नमनालाच घडाभर तेल. मला वाटलं जुन्या भाषा सगळ्या अशाच असणार, तर तसंही नाही, एपीएल पण साठच्या दशकातलीच आणि तिच्यात मूळ संख्या काढायचा प्रोग्राम हा असा:

(~क∊क∘.×क)/क←१↓⍳क

संपला. एवढाच.

तर विचारायचंय की शब्दबंबाळ भाषा म्हणजे कमी ताकदीची भाषा असं काही आहे का, की हे दोन वेगळे मुद्दे आहेत? माझा कल सध्या पहिल्याकडे. जे काम पायथॉनमध्ये दहा-पंधरा ओळींत उरकतं त्याला इथे पानंच्या पानं लागत असतील तर भाषेतच काहीतरी कमी असणार ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मितभाषी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पंचकार्ड

आलात का शेवटी आमच्या गल्लीत, या.

आधी एक सांगतो, बेरजेला वाक्यच लिहा अशी सक्ती कोबोलमध्ये नाही. कॉम्प्युट एकूण = मुद्दल + व्याज असं लिहिता येतं. ॲड-सबट्रॅक्ट लिहिणारे सवयीने लिहितात, किंवा त्यांच्या ऑफिसचा तसा नियम असतो.

आता त्या चार डिव्हिजन. १९५९ ला कोबोल ठरवायला कोडासिल कमिटी बसली, ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेतून बरंच उचललं, आणि डोक्यात मुख्य गोष्ट ही होती की एका कंपनीच्या मशीनवर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर चालला पाहिजे. म्हणून मशीनशी संबंधित जे काही असेल ते एन्व्हायर्नमेंटमध्ये कोंडायचं, फाइलीतल्या रेकॉर्डचा आराखडा डेटामध्ये, आणि बाकीचा प्रोग्राम शक्यतो तसाच राहू द्यायचा. डिसेंबर १९६० मध्ये जवळपास एकच प्रोग्राम आरसीए आणि रेमिंग्टन रँड अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला होता. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती हो. तुम्हाला जी प्रस्तावना वाटते ती त्यांच्या दृष्टीने मुख्य मजकूर होता.

आणि नावं बघा. कोबोलमध्ये ३० अक्षरांचं नाव, मध्ये जोडरेघा देऊन. त्याच वेळी फोरट्रानमध्ये ६ अक्षरं, कारण आयबीएम ७०४ या मशीनच्या ३६ बिटांच्या शब्दात (मेमरीच्या एका खान्यात) सहा-सहा बिटांची सहाच अक्षरं बसायची. फोरट्रान ७७ पर्यंत स्टँडर्ड सहावरच अडकलेलं होतं, १९९० च्या आवृत्तीत ३१ झालं. आता मला सांगा वीस वर्षांनी कोड उघडल्यावर 'मासिक-हप्ता-थकबाकी' वाचायला आवडेल की 'एमएचटीबीके'?

सीधासाधा

पंचकार्डकाका, नावांबद्दल सहमत पण शब्दांबद्दल नाही. इफ-देन-एंड-इफ लिहून नक्की काय मिळतं? सी भाषेत एक महिरपी कंस उघडायचा, एक बंद करायचा, विषय संपला. स्ट्रिंग (अक्षरांची रांग) कॉपी करायची तर

व्हाईल (*ग++ = *म++);

एका ओळीत कॉपी, पुढे सरकणं, शेवट ओळखणं सगळं. ज्याला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कळतो त्याला हे वाचायला अर्धा सेकंद लागतो, आणि ज्याला कळत नाही त्याला इंग्रजी वाक्यात लिहून दिलं तरी कळणार नाहीये.

जाता जाता, सी मधली नावं इतकी तुटकी का यालाही कारण आहे. स्ट्रसीपीवाय (स्ट्रिंग कॉपी), स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी) वगैरे. पहिलं सी स्टँडर्ड १९८९ चं, त्यातसुद्धा बाहेरून लिंक होणाऱ्या नावाची पहिली सहाच अक्षरं ओळखली जातील एवढीच हमी होती, कारण तेव्हाचे कित्येक लिंकर (प्रोग्रामचे तुकडे जोडणारे) जुनेच. परत सहा! आणि सी बनवणारे युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमवाले ज्या एएसआर-३३ टेलिटाइपवर (कागदावर छापणाऱ्या टर्मिनलवर) बसायचे तो सेकंदाला १० अक्षरं छापायचा, मग कोण 'कॉपी-स्ट्रिंग' लिहीत बसेल. युनिक्सच्या केन थॉम्पसनला पुढे कुणीतरी विचारलं होतं की युनिक्स परत लिहिलं तर काय बदलाल, तर म्हणाला 'क्रिएट'च्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ई घालीन :)

म्हणजे थोडक्यात मशीनच्या मर्यादा होत्या, नंतर लोकांनी त्यालाच शैली म्हणून डोक्यावर घेतलं.

अर्धविराम

पण मग कोबोललाही मर्यादा होत्याच ना? कोड पंचकार्डावर, म्हणजे भोकं पाडलेल्या कागदी कार्डावर: ८० कॉलम, त्यातले पहिले सहा क्रमांकाला, सातवा शेरा किंवा पुढे-चालू साठी, ७२ च्या पुढचं कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम) बघतच नाही. इतक्या कमी जागेत त्यांनी लांब लिहायचं ठरवलं आणि सी वाल्यांनी आखूड. मर्यादा दोघांनाही आणि उत्तरं उलटी, हे कसं?

पंचकार्ड

कारण वाचणारा वेगळा. कोबोल लिहिणारा आणि कार्ड पंच करणारा हे बऱ्याच ठिकाणी वेगवेगळे लोक असायचे, लिहिणारा कोडिंग शीटवर पेन्सिलीने लिहायचा. टायपिंगचा त्रास ज्याला होता त्याने भाषा बनवली नव्हती :) सी बनवणारे स्वतःच टाइप करत होते.

सीधासाधाला एक उत्तर द्यायचं राहिलं. कोबोलमध्ये हे बघा:

इफ वर्ग = १ ऑर २ ऑर ३

आणि हेच सी मध्ये तीन वेळा वर्ग == लिहायला लागतं. न लिहिता वर्ग == १ || २ || ३ केलंत तर कंपाइल होतं आणि उत्तर कायम खरं येतं. मग बडबडी भाषा कोणती? इफ अ > ब अँड < क हेही कोबोलला चालतं.

दुसरं म्हणजे पिक्चर क्लॉज, आकडा कसा दिसावा त्याचा नमुना. पिक झेड,झेडझेड,झेडझेड९.९९ असं एकदा जाहीर केलं की मूव्ह (एका फील्डातून दुसऱ्यात कॉपी) करताना पुढची शून्यं गायब, स्वल्पविराम तुम्ही सांगाल तिथे, तीन-तीनच्या गटात हवेत की दोन-दोनच्या ते तुम्ही ठरवायचं. झेडच्या जागी तारका टाकल्या तर चेकवर छापतात तशा पुढे तारका भरल्या जातात म्हणजे कुणी मागाहून आकडा घुसवू शकत नाही. शेवटी सीआर लिहिलं तर रक्कम ऋण असेल तेव्हाच सीआर उमटतं. हे सगळं एका घोषणेत. स्टँडर्ड सी च्या प्रिंटएफ या छापायच्या फंक्शनमध्ये स्वल्पविराम टाकायची सोयच नाही, स्वतः फंक्शन लिहा.

आणि ८८ लेव्हल, म्हणजे फील्डच्या ठरावीक मूल्याला नाव देणं! स्टेटस फील्डखाली ८८ खाते-बंद व्हॅल्यू 'सी' लिहा, मग प्रोसिजरमध्ये नुसतं इफ खाते-बंद. कोड कुठला, मूल्य कुठलं, लक्षात ठेवायची गरज नाही.

मितभाषी

+१. ८८ लेव्हल नव्या भाषांनी घ्यायला हवी होती.

चक्रमादित्य

कुणीतरी एपीएलची ओळ टाकली म्हणून लॉगिन केलं.

धागाकर्त्याने ओळ दिली पण उलगडली नाही, म्हणून लोकांना ती जादूटोणा वाटते. उजवीकडून डावीकडे वाचायची. ⍳क म्हणजे एकपासून क पर्यंतचे आकडे. १↓ म्हणजे पहिला टाका. ते परत क मध्ये ठेवा. मग क∘.×क म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाने गुणून पूर्ण पाढ्यांचा तक्ता. क∊ म्हणजे यातले कोणते आकडे त्या तक्त्यात सापडतात, ~ म्हणजे उलट, म्हणजे जे सापडत नाहीत ते, आणि / ने गाळून घ्या. मूळ संख्येची व्याख्याच आहे ही, कुणाचा गुणाकार नाही ती संख्या. इथे लूप नाही, काउंटर नाही.

केनेथ आयव्हर्सनने हे मुळात कॉम्प्युटरसाठी केलंच नव्हतं, हार्वर्डला शिकवताना फळ्यावर लिहायची लिपी होती ती. १९६४ ला सिस्टिम/३६० चं औपचारिक वर्णन या लिपीत छापलं गेलं तेव्हाही ती चालवून बघता येत नव्हती, चालणारं एपीएल नंतर आलं. १९७९ ला ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हाचं त्याचं भाषणही याच विषयावर आहे, की लिपी चांगली असेल तर विचार सोपा होतो. सरासरी आजच्या एपीएलमध्ये अशी लिहितात:

(+⌿÷≢)

बेरीज भागिले संख्या. यातलं एक चिन्ह काढून दाखवा. जेवढं म्हणायचंय तेवढंच लिहिलंय. मला हे संक्षिप्त वाटतं, आखूड नाही. सी ची नावं आखूड आहेत.

दोलायमान

चक्रमादित्य, लिहिलंय सुंदर पण तो तक्ता मेमरीत बसवायचा कुणी? क = १०,००० घेतला तर दहा कोटी खाने झाले, आणि दहा हजारापर्यंतच्या मूळ संख्या चाळणीने (एकेका संख्येच्या पटी खोडत) काढायला दहा हजार खाने पुरतात. व्याख्या लिहिणं आणि प्रोग्राम लिहिणं यात फरक राहतोच. शिवाय चाळणीसारखं पायरीपायरीने जाणारं काम एपीएलमध्ये लिहायला गेलं की ती मजा निघून जाते.

मी फोरट्रानवाला. माझ्या भाषेबद्दल इथे कुणी काही बोललंच नाही म्हणून मीच बोलतो. १९५७ ला आलं तेव्हा लोकांना जॉन बॅकसच्या टीमचं हेच कौतुक होतं की मशीनच्या सूचनांच्या मानाने विधानं साधारण विसाव्या हिश्श्यावर आली. म्हणजे त्या वेळी हीच सगळ्यात थोडक्यात बोलणारी भाषा! बडबड कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवा.

थोडक्याचे तोटेही तिनेच दाखवले. आय ते एन पासून सुरू होणारं नाव आपोआप पूर्णांक, जाहीर करायची गरज नाही, आणि स्पेसला किंमत नाही. त्यामुळे डू १० आय = १,१० म्हणजे लूप, आणि स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं तर डू१०आय नावाचं नवंच व्हेरिएबल तयार होऊन त्यात १.१० जातं, कंपायलर हूं की चूं करत नाही. (मरिनर-१ यान यामुळे गेलं अशी गोष्ट सगळीकडे फिरते. त्या यानाचा या टिंबाशी संबंध नाही, कृपया फॉरवर्ड करू नका.) व्हेरिएबल जाहीर करा म्हटलं की लोक कटकट म्हणतात, पण ती ओळ फुकट जात नाही.

संध्याछाया

दोलायमान यांचा शेवटचा मुद्दा पुढे नेते. मी ॲडावाली, आमच्याकडे तर बडबड हे धोरण आहे. १९८३ च्या स्टँडर्डमागे उघड भूमिका होती की लिहिणाऱ्याच्या सोयीपेक्षा वाचणाऱ्याची सोय महत्त्वाची. प्रोसिजर संपताना एंड लिहून परत तिचं नाव लिहायचं. टाइप टक्केवारी इज रेंज ०..१०० असं लिहिलं की १०१ घालायचा प्रयत्न झाला तिथेच अडतं.

आणि नावानिशी पॅरामीटर (फंक्शनला द्यायची मूल्यं). सी मधलं मेमसेट (मेमरी एकाच मूल्याने भरणारं फंक्शन) आठवा. पॉइंटर, काय भरायचं, किती भरायचं. शेवटचे दोन उलटे लिहिले, मेमसेट(प, न, ०), तर शून्य बाइट भरले जातात म्हणजे काहीच होत नाही, आणि दोन्ही आकडेच असल्यामुळे टाइप तपासूनही पकडता येत नाही. ॲडामध्ये लांबी => न, मूल्य => ० असं लिहिता येतं, क्रम कसाही द्या. स्मॉलटॉकमध्ये तर दुसरा पर्यायच नाही, यादी ॲट: ३ पुट: ७. वाचताना कुठला आकडा कशासाठी हे शोधायला डॉक्युमेंटेशन उघडावं लागत नाही. मला वाटतं शब्द दोन प्रकारचे असतात, एक जे माहिती देतात आणि दुसरे जे नुसते उभे असतात. कोबोलमधलं इफ अ इज ग्रेटर दॅन ब, यातलं इज दॅन हे उभे राहणारे. लांबी = न हे माहिती देणारे.

सीधासाधा

ताई, मेमसेटचं मान्य. आमच्या जखमेवरच बोट ठेवलंत.

पण नुसते उभे राहणारे शब्द तरी फार खर्चिक कुठे असतात? जुन्या मायक्रोकॉम्प्युटरवरच्या बेसिकमध्ये प्रिंट लिहिलं तरी मेमरीत त्याचा एकच बाइट व्हायचा, टोकन करून ठेवायचे, आणि टाइप करायला ? लिहिलं तरी लिस्ट केल्यावर प्रिंट दिसायचं. लिहायला आखूड, वाचायला लांब, साठवायला एक बाइट. तिन्ही भांडणं मिटली.

कंस_बंद_करा

सगळे अक्षरं मोजताय, मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही अजून. अभिव्यक्तीची ताकद अक्षरांत मोजतच नाहीत.

मॅथियास फेलायझेनचा १९९१ चा शोधनिबंध आहे यावर, गणिती आहे पण मुद्दा सरळ आहे. भाषेतली एखादी सोय काढून टाकली, आणि ती जिथे जिथे वापरली होती तिथल्या तिथे दुसरं काहीतरी लिहून भागलं, आजूबाजूचा कोड तसाच राहिला, तर ती सोय म्हणजे नुसती साखर. पण ती काढल्यावर सगळा प्रोग्राम उसवून परत शिवावा लागला तर तिने भाषेची ताकद खरोखर वाढवली होती. या कसोटीवर ॲड-टू-गिव्हिंग आणि + यात काहीच फरक नाही, एकाच्या जागी दुसरं ठेवा, बाकी काही हलत नाही. कंसांऐवजी बिगिन-एंड, तेही तसंच. म्हणजे धागाकर्त्याची अर्धी तक्रार साखरेबद्दल आहे.

आता उलट उदाहरण. फोरट्रान ७७ च्या स्टँडर्डमध्ये रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नाही. झाडासारखी रचना फिरायची तर स्वतः ॲरेचा स्टॅक (चळत) करा, कुठून आलो ते त्यात ठेवा, गो टू ने परत जा. एक सोय नाही म्हणून अख्ख्या प्रोग्रामचा आकार बदलला. लिस्पमध्ये हे पहिल्यापासून होतं, लिस्प बनवणाऱ्या मॅकार्थीच्या १९६० च्या निबंधात लिस्पमध्येच लिहिलेला लिस्पचा इव्हॅल (लिस्प चालवणारा भाग) साधारण पानभराचा आहे, आणि स्टीव्ह रसेलने तो कागदावरून उचलून आयबीएम ७०४ वर चालवला. १९६३ पासून तर मॅक्रो आहेत, म्हणजे भाषेत नसलेली साखर तुम्हीच घालू शकता, कमिटीची वाट बघत वीस वर्षं बसायची गरज नाही.

दोलायमान

रिकर्शन नव्हतं हे खरं, पण १९९० च्या आवृत्तीत ते आलं, ॲलोकेटेबल ॲरे आले, आणि क = ख + ग लिहिलं की पूर्ण मॅट्रिक्सची बेरीज. व्हेअर (क < ०) क = ० म्हणजे ऋण सगळे शून्य. सी मध्ये आजही लूप फिरवा. लोक फोरट्रान म्हटलं की सत्तरच्या दशकातला कोड डोळ्यासमोर आणतात.

पंचकार्ड

कंसवाल्यांची कसोटी आवडली. त्या हिशेबाने कोबोलचं दुखणं कुठे आहे ते सांगतो, आणि ते शब्दांत नाहीये. परफॉर्मने पॅराग्राफ (नाव दिलेला कोडचा तुकडा) बोलावता येतो पण त्याला काही देता येत नाही. पॅरामीटर नाही, लोकल व्हेरिएबल नाही, सगळं वर्किंग-स्टोरेज या डेटाच्या भागात, सगळ्यांचं सामायिक. त्यामुळे एकच हिशेब तीन रकमांवर करायचा तर:

मूव्ह पहिली-रक्कम टू काम-रक्कम
परफॉर्म कर-काढा
मूव्ह काम-कर टू पहिला-कर

आणि हेच दुसरीसाठी, हेच तिसरीसाठी. पानं भरतात ती इथे. कॉल-युजिंगने वेगळा प्रोग्राम बोलावता येतो आणि त्याला पॅरामीटर देता येतात, पण पाच ओळींच्या हिशेबासाठी वेगळा प्रोग्राम लिहायला कुणी तयार नसतं. स्वतःची फंक्शन्स २००२ च्या स्टँडर्डमध्ये आली तोवर जगातला बराचसा कोबोल लिहून झाला होता.

टिंबाचंही तसंच. १९८५ आधी एंड-इफ नव्हतं, इफ संपायचं ते टिंबाला. मध्येच कुणाचं टिंब पडलं की खालची ओळ इफच्या बाहेर, आणि इंडेंटेशन तर आत असल्याचं दाखवतंय. एंड-इफ आल्यावर शब्द वाढले आणि हा त्रास कमी झाला.

अर्धविराम

हे वाचून आज समोरची फाइल त्या नजरेने चाळली. ॲड, इज, दॅन यांनी काही पानं वाढलेली नाहीत. मूव्हच्या रांगा आहेत, एकाच पद्धतीचे पॅराग्राफ नावं बदलून परत परत आहेत, आणि प्रत्येक रीड-राइटनंतर फाइल स्टेटस तपासायचं तेच इफ. हे शेवटचं तरी टाळता आलं असतं का? एक्सेप्शन (चूक झाली की आपोआप दुसरीकडे वळायची सोय) नाही म्हटल्यावर कठीण दिसतंय.

पंचकार्ड

बऱ्यापैकी आलं असतं. डिक्लेरेटिव्ह्ज म्हणून भाग असतो प्रोसिजर डिव्हिजनच्या सुरुवातीला, यूज आफ्टर एरर प्रोसिजर ऑन अमुक फाइल असं लिहिलं की त्या फाइलचा घोटाळा तिथे एका जागी पकडता येतो. कितीतरी लोक वापरत नाहीत, कारण आधीच्याने इफ लिहिले म्हणून आपणही लिहायचे.

संध्याछाया

आणि हे काही म्हाताऱ्या भाषांचंच दुखणं नाही. गो २००९ ची भाषा, त्यातही दर दोन-तीन ओळींनी इफ एरर नॉट इक्वल निल. तिथे तर ते मुद्दाम ठेवलंय, चूक कुठे हाताळली ते डोळ्यांना दिसावं म्हणून. उलट १९७७ चं ऑक (फाइलीतल्या ओळींवर काम करणारी भाषा) घ्या, फाइलमधल्या दुबार ओळी काढायला

!पाहिलं[$०]++

एवढंच लागतं. नवं-जुनं हा भेदच इथे लागू नाही.

चक्रमादित्य

ऑकची ती ओळ बघून डोळे पाणावले. कोण म्हणतं एपीएल अगम्य आहे.

सीधासाधा

अवांतर: पीएल/वन मध्ये राखीव शब्दच नव्हते, त्यामुळे इफ इफ = देन देन देन = एल्स; एल्स एल्स = इफ; हे वैध विधान आहे. बडबड की संक्षेप ते तुम्हीच ठरवा. हलके घ्या.

मितभाषी

वाचनखूण साठवली.

अर्धविराम

पंचकार्डकाका, एक शेवटचं विचारतो, त्या मूव्हच्या रांगांवर आत्ता, म्हणजे सगळं परत न लिहिता, काही इलाज आहे का? कंपायलर जुना आहे, २००२ ची फंक्शन्स मिळणार नाहीत.

पंचकार्ड

दोन गोष्टी करा. जे पॅराग्राफ फक्त नावांपुरते वेगळे आहेत ते कॉपीबुकमध्ये (अनेक प्रोग्रामना वापरता येणाऱ्या सामायिक फाइलीत) टाका आणि कॉपी-रिप्लेसिंगने नावं बदलून आणा, गरिबाचा मॅक्रो आहे तो, कंसवाले नाक मुरडतील पण चालतो. मात्र एका ठिकाणी दुरुस्ती केलीत की ते कॉपीबुक वापरणारे सगळे प्रोग्राम परत कंपाइल करायला विसरू नका, नाहीतर अर्धे जुन्या हिशेबावर चालत राहतील. दुसरं, पहिली, दुसरी, तिसरी रक्कम अशी वेगळी फील्ड असतील तर ऑकर्सने टेबल करा आणि परफॉर्म व्हेरिंगने फिरवा, मूव्हच्या रांगा निम्म्याहून जास्त तिथेच संपतील. रेकॉर्डचा आराखडा बदलता येत नसेल तर त्याच जागेवर रिडिफाइन्स करून टेबल बसवा, फक्त ती फील्ड रेकॉर्डमध्ये लागोपाठ आणि एकाच पिक्चरची आहेत का हे आधी बघा.

कंस_बंद_करा

नाक मुरडलं. पण कॉपी-रिप्लेसिंग खरंच बरं आहे, सी च्या डिफाइन मॅक्रोपेक्षा वाईट नाही.

सीधासाधा

झालं, आता डिफाइनवर धागा काढा वेगळा, मी येतो.